मिनिटाला १६० मिली पाणी

दर पावसाळ्यात पुण्यात एखादी तरी गाडी कुठल्यातरी पुलाखाली साचलेल्या पाण्यात घुसते आणि तिथेच बसते. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन थांबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गॅरेजवाला लाखाच्या आकड्यापासून बोलायला सुरुवात करतो. हे सगळं माहीत असून मी माझ्या गाडीच्या इंजिनात स्वतःहून पाणी सोडतो. मोजून. पूर्ण जोर लावला की मिनिटाला साधारण १६० मिली, म्हणजे दोन कटिंग चहाइतकं. फक्त ते धारेने जात नाही, धुक्यासारखं जातं. सगळा खेळ त्या धुक्याचा आहे.

गाडी सेकंडहँड स्कोडा लॉरा. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, मॅन्युअल गिअर. कारखान्यातून निघाली तेव्हा १६० पीएसची होती. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत थर्मोडायनॅमिक्सचे दोन पेपर कसेबसे सुटले आणि कॅम्पसमधून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली. त्यानंतर ज्या गोष्टीला हात लावता येईल असं काम माझ्या वाट्याला आलंच नाही. दिवसभर मी दुसऱ्याच्या सर्व्हरवर दुसऱ्याचा कोड दुरुस्त करतो. गाडी हा त्यावरचा उतारा.

टर्बो इंजिनाचा शत्रू म्हणजे उष्णता. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं बूड गरम होतं तसंच. इंटरकूलर ती थोडी थंड करतो, पण पुण्याच्या मे महिन्यात बाहेरच ४० अंश असेल तर तोही किती करणार? अशी तापलेली हवा आणि पेट्रोल सिलिंडरमध्ये दाबलं की ठिणगीने सुरू झालेली ज्वाला पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनाचा कॉम्प्युटर ते ऐकतो आणि ठिणगी उशिरा टाकायला लागतो. म्हणजे ताकद कमी. नॉकिंग जोराचं आणि वारंवार झालं, तर पिस्टनच्या कडा तुटतात.

यावर एक सोपा उपाय म्हणजे १०० ऑक्टेनचं पेट्रोल. ते मोजक्याच पंपांवर मिळतं आणि साध्या पेट्रोलच्या दीडपट पडतं. दुसरा उपाय म्हणजे हवेत पाणी फवारणं.

एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. मिथेनॉलला सुमारे १,१००. पेट्रोलला जेमतेम साडेतीनशे. म्हणजे उष्णता शोषण्यात पाण्याचा हात कोणी धरत नाही. मिथेनॉलचे फायदे वेगळे आहेत : ते ६५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे सिलिंडरच्या आधी, वाटेतल्या हवेतच, त्याची वाफ होऊन हवा थंड होते. शिवाय ते स्वतः इंधन आहे आणि त्याचं ऑक्टेन शंभराच्या वर आहे. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की दोघांचे गुण मिळतात. म्हणून जगभर या पद्धतीला वॉटर-मिथेनॉल इंजेक्शन म्हणतात आणि गाडीवेडी मंडळी नुसतं 'मेथ' म्हणतात. (हा शब्द ऑफिसच्या कँटीनमध्ये मोठ्याने बोलू नये.)

ट्यूनरकडे जाण्याआधी मी हिशोब केला. सव्वादोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास माझं इंजिन पूर्ण जोरात मिनिटाला सुमारे १.१ लिटर पेट्रोल पिणार. पाणी त्याच्या १५ टक्के धरलं तर १६५ मिली. त्याच वेळी इंजिन मिनिटाला दहा किलो हवा ओढत असतं. सगळ्या पाण्याची वाफ वाटेतच झाली तर कागदावर हवेचं तापमान ३५-३७ अंशांनी उतरायला हवं. प्रत्यक्षात तसं होत नाही, बरंचसं पाणी थेंबांच्या रूपातच सिलिंडरमध्ये जातं आणि तिथे वाफ होतं. पण ते जास्त चांगलं, कारण नॉकिंगची जागा तीच.

हे सगळं मी मिरजेच्या मामाला फोनवर मोठ्या उत्साहाने सांगत होतो. मामा एअरफोर्समधून निवृत्त झालेला, इंजिन फिटर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अरे, हे आमच्या ॲव्रोत होतं."

ॲव्रो म्हणजे एचएस-७४८. हे प्रवासी आणि मालवाहू विमान एचएएलने कानपूरला बांधलं. तिथे जोडलेल्या पहिल्या विमानाने १९६१ मध्ये उड्डाण केलं. त्याला रोल्स-रॉइसची डार्ट इंजिनं होती. गरम दिवशी हवा विरळ होते, टेकऑफला इंजिन कमी पडतं, तेव्हा पाणी आणि मिथेनॉल सोडून ती ताकद परत मिळवायची. टर्बोप्रॉपमध्ये नॉकिंगचा प्रश्न नसतो, कारण वेगळं आहे, पण उन्हाळ्यावरचं औषध तेच. एअरफोर्सने हल्ली ॲव्रोच्या जागी सी-२९५ विमानं घ्यायला सुरुवात केली आहे. त्यामुळे मामाचं हे ज्ञान वापरणारा त्याच्या ओळखीतला शेवटचा माणूस बहुधा मीच. तो विचारायचा ते प्रश्न मात्र माझ्या हिशोबात नव्हते. "पंप बंद पडला तर पायलटला कसं कळणार?" आणि "ड्रमच्या खोलीची किल्ली कोणाकडे?"

बसवायचं काम दोन शनिवारांचं. डिकीत चार लिटरची टाकी, तिच्या शेजारी डायफ्रॅम पंप. हा पंप दहा बारच्या आसपास दाब देतो, कारण दाब कमी असेल तर फवारा न होता पिचकारी होते. तिथून सहा मिलिमीटरची नायलॉनची नळी गाडीच्या पोटाखालून पुढे नेली, एक्झॉस्टपासून शक्य तितकी लांब. पुढे एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, मग फ्लो सेन्सर आणि शेवटी नोझल. इंटरकूलरनंतरच्या आणि थ्रॉटलच्या आधीच्या पाइपवर नोझल बसतं. तो पाइप पूर्ण काढून टेबलावर घेतला, भोक पाडलं, आटे पाडले, धुतला, फुंकून वाळवला आणि मगच परत लावला. धातूचा एक कीस जरी इंजिनात गेला तरी पुढचं सगळं व्यर्थ. टाकी मागे, नोझल पुढे, आणि गाडी उतारावर उभी राहिली तर गुरुत्वाकर्षण आपलं काम करणारच, म्हणून तो सोलेनॉइड व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना थेंब थेंब पाणी पाइपमध्ये साचत राहिलं तर पुलाखालच्या गाडीची गोष्ट आपल्याच पार्किंगमध्ये घडायची.

कंट्रोलर हा एक छोटा डबा. टर्बोचा दाब ०.६ बारला पोचला की तो पंप हळूहळू सुरू करतो आणि १.२ बारला पूर्ण सोडतो. ट्यूनरने इंजिनाचा मॅप नव्याने लिहिला, बूस्ट वाढवला, ठिणगी पुढे आणली. डायनोवर आकडा आला २१८.

मिथेनॉल तो ट्यूनरच मिसळून टाकीत भरून द्यायचा. त्याच्या वर्कशॉपकडे रीतसर परवाना होता. महाराष्ट्रात मिथेनॉल विष म्हणून नोंदलेलं आहे, ते विकायला आणि बाळगायला परवाना लागतो. भोसरीतल्या एका केमिकल डीलरने मला पहिल्या वाक्यातच तो मागितला आणि नाही म्हटल्यावर दुसरं वाक्य बोललाच नाही. मला तो माणूस आवडला. टाकीवर मी मोठा पिवळा स्टिकर लावला : कवटी आणि त्याखाली 'विष. मिथेनॉल ५०%'.

तो स्टिकर आईने वाचला, मिरजेला निघताना डिकीत बॅगा ठेवत असताना.

आई म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती, मुंबईच्या पश्चिम उपनगरात. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. मी नुकती बारावी दिली होती. त्या आठवड्यात आई तीन दिवस घरी आली ती फक्त आंघोळीला, एवढंच मला आठवत होतं. बाकीचं तिने डिकी उघडी ठेवून, पार्किंगमध्ये उभं राहून सांगितलं.

मिथेनॉल पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही. नशा झाल्यासारखं वाटतं, माणूस झोपतो. यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड करतं, त्याला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी माणूस उठतो तो पोट धरून. डोळ्यांपुढे पांढरं दिसतं. "धुकं पडलंय का हो सिस्टर, असं विचारत होते," आई म्हणाली. "जूनमध्ये." दहा मिलीसुद्धा दृष्टी घालवायला पुरतं. यावरचा एक जुना उतारा म्हणजे साधं इथेनॉल, पिण्याच्या दारूतलं. यकृताला ते आधी पचवायला आवडतं, तेवढ्यात मिथेनॉल शरीराबाहेर काढायला वेळ मिळतो. दारूने आंधळ्या होत चाललेल्या माणसाला शिरेतून किंवा नळीने दारूच द्यायची, हे नातेवाइकांना समजावून सांगणं तिच्या वाट्याला आलं होतं. बरेचसे जण उशिरा आले होते.

"हे तेच ना?" तिने टाकीकडे बोट दाखवून विचारलं.

तेच होतं. पिण्यासाठी नव्हतं, कुलूपबंद होतं, परवानाधारकाने भरलेलं होतं, हे सगळं मी सांगितलं. तिने वाद घातला नाही. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि चाळीस अंशांच्या उन्हात साताऱ्यापर्यंत तिने खिडकी उघडी ठेवली. एसी लावू दिला नाही.

तिच्या भीतीत मी पिण्याचा धोका पाहत होतो, तिला वास पुरेसा होता. आणि नुसत्या इंजिनिअरच्या नजरेने पाहिलं तरी तिची खिडकी चुकीची नव्हती. मिथेनॉल कातडीतूनही शरीरात जातं. निम्मं पाणी मिसळलं तरी मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याची वाफ पेट घेऊ शकते. त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. १९८१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पिटमध्ये रिक मिअर्सच्या गाडीत इंधन भरताना मिथेनॉल पेटलं. माणसं जळत होती आणि पाहणाऱ्यांना आग कुठे आहे तेच कळत नव्हतं. लॉराची डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये भिंत नाही, एक कापडी झाकण आहे. मागे बसणाऱ्या माणसांच्या डोक्यामागे दोन फुटांवर ती टाकी.

मिरजेहून परतल्यावर मी ट्यूनरला नुसत्या पाण्याचा मॅप मागितला. तो हसला. "पावर जाईल."

गेली. नोझल लहान केलं, कारण नुसतं पाणी जास्त झालं तर ज्वालाच विझायला लागते आणि इंजिन अडखळतं. बूस्ट किंचित उतरवला. डायनोवर २०७ आले. म्हणजे त्या कवटीची किंमत ११ हॉर्सपॉवर. हे धाडसी मुळीच नाही; बीएमडब्ल्यूने २०१६ च्या एम४ जीटीएसमध्ये कारखान्यातूनच वॉटर इंजेक्शन दिलं तेही नुसत्या पाण्याचं, डिकीत पाच लिटरची टाकी ठेवून. मुळात ४३१ हॉर्सपॉवरचं इंजिन त्यांनी ५०० पर्यंत नेलं. उरलेले फायदे मिथेनॉलचे होते हे खरंच आहे. शर्यतीची गाडी असती, मागे सीट नसती, तर मी आजही निम्मं-निम्मं वापरलं असतं. ते वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. ते माझ्या डिकीत नको, एवढंच.

आता मामाचा पहिला प्रश्न. पंप बंद पडला तर कसं कळणार?

नवा मॅप पाणी येणारच असं धरून चालतो. पाणी आलं नाही तर तीच वाढवलेली हवा आणि तीच पुढे आणलेली ठिणगी इंजिनाचा घात करू शकते. म्हणजे इंजिन वाचवायला बसवलेली यंत्रणा हीच आता ते मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण. मोटारींच्या इतिहासातली याची उत्तम गोष्ट १९६२ ची आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल जेटफायर आणली, टर्बो बसवून विकलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. नॉकिंग आवरायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची टाकी होती. द्रवाचं नाव 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. टाकी रिकामी झाली तर बूस्ट आपोआप मर्यादित व्हावा, अशी सोयही इंजिनिअरांनी केली होती. ती सोय चोख होती. पण लोक टाकी भरायचे विसरायचे, गाडी मंदावायची आणि ते तक्रार घेऊन डीलरकडे जायचे. शेवटी कंपनीने अनेकांच्या गाडीतला टर्बोच काढून साधा कार्बुरेटर बसवून दिला. यंत्रणा बरोबर होती. तिला दर काही दिवसांनी एका माणसाची गरज लागते, हे गिऱ्हाइकाला पटलं नाही.

माझ्या नोकरीत आम्ही एक गोष्ट शिकतो : एखादा सर्व्हर गप्प बसला तर तो ठीक आहे असं कधी धरायचं नाही. मेला आहे असं धरायचं. गाडीत मी तेच केलं. फ्लो सेन्सर नळीतलं पाणी मोजतो. कंट्रोलरने मागितलेला प्रवाह आणि आलेला प्रवाह यांत ठरावीक फरकाहून जास्त तफावत दिसली, कमी असो वा जास्त, की एक रिले बूस्ट कंट्रोल सोलेनॉइडची वायर तोडतो. टर्बो आपल्या मूळ स्प्रिंगच्या दाबावर येतो आणि गाडी साधी, सभ्य होते. सेन्सरकडून काहीच आलं नाही तरी तेच. टाकीतलं पाणी एक लिटरच्या खाली गेलं तरी तेच.

दर महिन्याला मी हे मुद्दाम तपासतो. व्हॉल्व्हची वायर काढतो, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये हलकासा जोर लावतो. डॅशवरचा लाल दिवा लागून गाडी गळपटली पाहिजे. गळपटली की मला बरं वाटतं, आणि हे ऑफिसमध्ये कोणाला समजावता येत नाही.

खरी परीक्षा खंबाटकीत झाली, या वर्षीच्या मेमध्ये. आई पुढे, मागे मावशी आणि आंब्याची पेटी. घाट चढताना ट्रकला ओलांडायला म्हणून पाय दाबला आणि लाल दिवा लागला. ताकद अशी गेली, जणू कुणी मागून दोर धरला. मी ट्रकच्या मागेच राहिलो. "दमली का गाडी?" मावशीने विचारलं. बाकीचा घाट आम्ही एखाद्या टॅक्सीसारखा चढलो. वर जाऊन बॉनेट उघडलं. फ्लो सेन्सरच्या वायरचं इन्सुलेशन दोन इंच कुरतडलेलं, तांबं उघडं. सोसायटीच्या पार्किंगमधला उंदीर. पंप चालू होता, पाणी व्यवस्थित येत होतं, फक्त ते येतंय हे सांगणारा गप्प झाला होता. गाडीने धरलं की पाणी नाही. अगदी बरोबर धरलं.

वायर आता लोखंडी जाळीच्या नळीतून जाते.

बाकी देखभाल कंटाळवाणी आहे आणि ती तशीच असायला हवी. पाणी बॅटरीच्या दुकानातलं, डिस्टिल्ड, पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं. नळाचं, टँकरचं, बोअरचं अजिबात नाही. नोझलचं भोक सुईच्या टोकाएवढं, त्यात क्षार साचले की संपलं. पंधरा दिवसांनी एकदा नोझल काढून काचेच्या बरणीत फवारा पाहायचा : छत्रीसारखा गोल हवा, एका बाजूला धार दिसली तर आतली जाळी धुवायची. तीन महिन्यांनी तोच फवारा एक मिनिट मोजपात्रात गोळा करायचा. बाहेर, बूस्टच्या दाबाशिवाय, तो थोडा जास्त भरतो, त्यामुळे आकडा पहिल्या दिवशीच्या मोजणीशी ताडायचा. मी वहीत लिहितो. पहिल्या दिवशी १७५ आले होते, गेल्या वेळी १७१. पावसाळ्यात गाडी कमी चालते, टाकीतलं पाणी महिनाभर पडून राहतं आणि तळाला बुळबुळीत थर धरतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये टाकी रिकामी करून धुवायची. नळीचे जोड काढले की टोक ब्लेडने काटकोनात कापायचं, कात्रीने नाही. तिरकं टोक आज बसतं आणि दहा बारला उद्या निसटतं. आणि हो, विमा कंपनीला बदल लेखी कळवायचा. आरसीवर नोंदलेलं काही बदलत असेल तर आरटीओची पायरी त्याच्याही आधी.

चार लिटरची टाकी सलग पूर्ण जोर लावला तर पंचवीस मिनिटांत संपेल. पण शहरात पूर्ण जोर दिवसाला काही सेकंदच लागतो, त्यामुळे ती तीन-चार आठवडे पुरते. माझ्या हिशोबाप्रमाणे पाच लिटरचा कॅन महिन्याहून जास्त टिकायला हवा. टिकत नाही. गेल्या महिन्यात तो पंधरा दिवसांत संपला, मी नळीत गळती शोधत गाडीखाली तासभर पडलो. गळती नव्हती. आई तिच्या वाफेच्या इस्त्रीत त्यातलंच पाणी भरते. कॅन मी गॅलरीत ठेवतो, तिच्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी.